भूदृश्य कोणाचे?

निसर्गचित्र हा चित्रकलेतील सर्वांत निरुपद्रवी प्रकार, असा सर्वसाधारण समज आहे. डोंगर, झाडे, पाणी आणि आकाश. यांत वाद तो कसला? परंतु भूमी चित्रात आली, की तिची मालकी कोणाची आणि तिच्यावर कष्ट कोणाचे, हा प्रश्नही मागोमाग येतोच. गेन्सबरो या इंग्रज चित्रकाराने १७५० च्या सुमारास अँड्र्यूज दांपत्याचे चित्र रंगविले. डावीकडे जमीनदार पती-पत्नी, उजवीकडे दूरवर पसरलेले त्यांचे शेत. कापणी होऊन पेंढ्या बांधलेल्या आहेत. कापणारे हात मात्र कोठेही दिसत नाहीत. जॉन बर्जर यांनी १९७२ मध्ये या चित्रातील मालकीच्या अभिमानावर नेमके बोट ठेवले.

या प्रश्नाशी वडोदऱ्याचे नाते जुने आहे. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी सयाजीबागेत संग्रहालयाला जोडून चित्रदालन उभारले. इमारत १९१४ मध्ये पूर्ण झाली. मॅरियन स्पिलमन या कलासमीक्षकाने युरोपीय चित्रे जमविली. महायुद्धामुळे ती येण्यास विलंब झाला आणि दालन १९२१ मध्ये खुले झाले. राजवाड्यात शोभणारी वस्तू बागेत फिरावयास येणाऱ्या सामान्य माणसासमोर आली, ही गोष्ट लहान नव्हे. १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणणाऱ्या आणि १९१० पासून सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणणाऱ्या दृष्टीचेच ते फळ होते. पाहणारा बदलला, पण चित्रातील भूमी परकीच राहिली.

ती आपली होण्यास १९५० नंतरचा काळ यावा लागला. महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कलांचे शिक्षण सुरू झाले आणि ना. श्री. बेंद्रे येथे शिकवू लागले. इंदूरला देवळालीकरांच्या हाताखाली उघड्यावर बसून दृश्य रंगविण्याची शिस्त त्यांनी अंगी बाणविली होती. इथला प्रकाश, इथली माती त्यांच्या कुंचल्याला परिचित होती.

त्यानंतरच्या पिढीने भूदृश्यात माणसांची गर्दी आणली. गुलाममोहम्मद शेख यांचे ‘सिटी फॉर सेल’ (१९८१–८४) हे वडोदऱ्याचेच चित्र: भाजीवाली, सिनेमाचा देखावा आणि दंगलीची आग एकाच नगरात. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. एके काळी विलायतेची चित्रे आपल्या दालनात आली. आता आपली जखमी गल्ली तेथे गेली. सुधीर पटवर्धनांनी ‘लोअर परळ’ (२००१) मध्ये गिरणगावाचे बदलते रूप असेच माणसांसह रंगविले.

शताब्दीच्या निमित्ताने आपणही आपले चित्र रेखाटीत आहोत. त्यात देणगीदार, अध्यक्ष व विद्वान असतील. ते असलेच पाहिजेत. परंतु पहाटे दार उघडून पुस्तकांवरची धूळ झटकणारा शिपाई आणि जो अद्याप उंबऱ्याशीच थबकला आहे तो वाचक, यांना त्यात जागा आहे काय? पेंढ्या दिसाव्यात आणि कापणारे दिसू नयेत, असे आपले चित्र होऊ नये.