माफीपत्र आणि हमीपत्र

पांढुर्णा व सौसर या आमच्या दोन तहसिलींचा राजकीय इतिहास लिहू पाहणाऱ्यास एक अडचण प्रथमपासून जाणवते. हा मुलूख भाषेने मराठी. वर्तमानपत्रे यावयाची ती नागपुराहून. जिल्ह्याची कचेरी मात्र छिंदवाड्यास. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. पुढे २०२३ साली या दोन तहसिलींचा मिळून निराळा पांढुर्णा जिल्हा झाला. तेव्हा आमच्या इतिहासाचा अर्धा भाग नागपुरास आणि अर्धा छिंदवाड्यास शोधावा लागतो. प्रस्तुत लेखात ज्या दोन प्रकरणांचा विचार करावयाचा, त्यांपैकी एक १९०८ साली नागपुरास घडले व दुसरे १९१७ साली छिंदवाड्यास. दोहोंतही इंग्रज सरकारला मनुष्य तर हवा होताच; पण त्याहून अधिक हवी होती ती त्याची सही.

१९०८ चे वर्ष वृत्तपत्रांस किती कठीण गेले हे वाचकांस विदितच आहे. ३० एप्रिल रोजी मुझफ्फरपुरास बाँब पडला. जून महिन्यात छापखाने जप्त करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. २२ जुलै रोजी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. प्रांतोप्रांती देशी पत्रांतील मजकुराची भाषांतरे करून ती वरिष्ठांकडे गुप्तपणे पाठविण्याची पद्धत फार जुनी होती. आता त्या भाषांतरांवरून खटले उभे राहू लागले. नागपुरात ‘देशसेवक’कर्ते अच्युत बळवंत कोल्हटकर व ‘हिंदी केसरी’चे माधवराव सप्रे यांजवर राजद्रोहाचा आरोप आला.

सप्र्यांविषयी अंमळ विस्ताराने लिहिले पाहिजे. दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी १८७१ साली जन्मलेल्या या मराठी गृहस्थाने आपली लेखणी हिंदीच्या सेवेस वाहिली. १९०० साली पेंड्र्यासारख्या आडगावाहून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ काढला आणि १९०७ साली नागपुरास ‘हिंदी केसरी’ सुरू केला. पुण्याच्या ‘केसरी’तील विचार हिंदी वाचकांपर्यंत पोचविणे हा त्याचा हेतू असल्याने सरकारची दृष्टी त्यावर असणे स्वाभाविकच होते. ऑगस्ट १९०८ मध्ये सप्रे पकडले गेले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात माफी लिहून देऊन सुटले. वडील बंधूंनी प्राण देण्याची भाषा केल्यामुळे त्यांचा निरुपाय झाला, असे सांगतात.

जयंतीच्या भाषणांत हा भाग एका वाक्यात आटोपला जातो, हे आम्ही अनेकदा ऐकले आहे. विद्यार्थ्यांपुढे थोर पुरुषाचे उणे काढू नये, ही त्यामागील भावना आम्ही समजू शकतो. परंतु ती आम्हांस मान्य नाही. सरकारला सप्र्यांच्या तुरुंगवासापेक्षा त्यांचे माफीपत्र अधिक उपयोगी होते. तुरुंगात गेलेला संपादक लोकांच्या आदरास पात्र होतो. माफी मागून घरी आलेल्याकडे तेच लोक संशयाने पाहू लागतात, आणि हे काम करण्यास पोलिसांची गरज उरत नाही. दडपशाहीचे हे अंग वगळले तर तिचा अर्थच कळत नाही. सुटकेनंतर सप्रे वर्ध्याच्या हनुमानगडावर रामदासी सहवासात राहिले व मधुकरी मागून निर्वाह करू लागले. तेथील उपासनेतून त्यांचा ‘दासबोधा’चा हिंदी अनुवाद झाला; पुढे मंडालेहून परतलेल्या टिळकांच्या ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवादही त्यांनीच केला. ज्या टिळकांचा विचार पसरविल्याबद्दल माफी लिहून द्यावी लागली, त्यांचाच सर्वांत मोठा ग्रंथ हिंदीत आणावयाचा, याहून स्पष्ट प्रायश्चित्त दुसरे कोणते? परंतु माफीपत्रास सरकारी दप्तरात जागा मिळते. मधुकरीची नोंद तेथे कोण ठेवणार?

१९१० च्या छापखान्यांच्या कायद्याने हीच युक्ती पैशाच्या रूपाने आणली. नव्या छापखान्याकडून ५०० ते २,००० रुपयांचा जामीन घेण्याची मुभा मॅजिस्ट्रेटास मिळाली, आणि खटला न चालविता लेखणी आवरली जाऊ लागली.

महायुद्ध सुरू झाल्यावर हिंदुस्थान संरक्षण कायद्याखाली मौलाना महंमद अली व शौकत अली यांस १९१५ साली स्थानबद्ध करण्यात आले व काही महिन्यांनी छिंदवाड्यास आणून ठेवण्यात आले. गुन्हा शाबीत नाही, मुदतीची शिक्षा नाही, केवळ गावाबाहेर जावयाचे नाही आणि पत्रव्यवहार सरकारच्या नजरेखालून व्हावयाचा! नागपुराहून तेथे जाणारा रस्ता आमच्या सौसरावरून जातो. १९१७ साली बेझंटबाईंची सुटका झाली, तेव्हा या बंधूंकडेही गुप्त पोलीस खात्यामार्फत हमीपत्राचा मसुदा आला. त्यांनी सही केली, पण इस्लामवरील आपल्या निष्ठेस बाध न येता, अशा आशयाची पुस्ती जोडून. सरकारला ती पुस्ती खपली नाही आणि सुटका लांबली. त्याच वर्षी मुस्लिम लीगने महंमद अलींना अध्यक्ष निवडले होते. ते कलकत्त्यास जाऊ शकले नाहीत. कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये त्यांच्या सुटकेचा ठराव मांडला तो टिळकांनी. खुद्द टिळकही सप्टेंबर १८९८ मध्ये, दीड वर्षाच्या शिक्षेचे सहा महिने उरले असता, अटी पत्करून सुटले होते.

म्हणून सही केली त्यास भ्याड आणि न केली त्यास शूर, असा हिशेब मांडणाऱ्यांशी आमचा मतभेद आहे. अली बंधूंचेच पाहा. १९१९ च्या मध्यास त्यांस छिंदवाड्याहून बैतुलच्या तुरुंगात नेले आणि डिसेंबरात सोडले. परंतु १९२१ च्या मे महिन्यात, गांधीजी व व्हाइसरॉय रीडिंग यांच्या भेटीनंतर, गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी आपल्या काही भाषणांबद्दल खेद व्यक्त करणारे निवेदन काढले. सरकारपक्षाने ती माफीच म्हणून मिरविली. चारच महिन्यांनी ते पुन्हा पकडले गेले व कराचीच्या खटल्यात त्यांस दोन वर्षांची शिक्षा झाली.

सप्रे १९२० साली पुन्हा वृत्तपत्राच्या उद्योगात पडले. जबलपुरास ‘कर्मवीर’ निघाला, तो त्यांच्या प्रेरणेने; मात्र संपादकाच्या जागी त्यांनी स्वतःचे नाव घातले नाही. ती जागा त्यांनी माखनलाल चतुर्वेदी या तरुणास दिली. पुढल्याच वर्षी चतुर्वेदी राजद्रोहाच्या आरोपाखाली बिलासपूरच्या तुरुंगात गेले.