कल आणि वळण

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मी माझ्या कामाविषयी काही लिहावे, अशी चिटणीसबाईंची इच्छा. तालुक्याच्या गावी मुलींच्या शाळेत मी २६ वर्षे मार्गदर्शक शिक्षिका होते. “बाई, मुलीला पुढे काय करू द्यावे?” हा प्रश्न घेऊन किती पालक आले, त्याची मोजदाद मी ठेवली नाही. परंतु या प्रश्नालाही एक इतिहास आहे, आणि तो ठाऊक असल्यावाचून त्याचे उत्तर नीट देता येत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून स्वतःविषयी थोडे व त्या इतिहासाविषयी अधिक लिहीत आहे.

जोवर सुताराच्या मुलाने सुतार आणि भिक्षुकाच्या मुलाने भिक्षुक व्हावयाचे हे ठरलेले होते, तोवर व्यवसाय कोणता निवडावा हा प्रश्नच नव्हता. कारखाने आले, शहरे वाढली, आणि तरुणांपुढे दहा वाटा एकदम उभ्या राहिल्या, तेव्हा वाट दाखविणाऱ्याची गरज भासू लागली. अमेरिकेत बॉस्टन शहरी फ्रँक पार्सन्स या गृहस्थांनी १९०८ च्या जानेवारीत व्यवसाय मार्गदर्शनाची पहिली कचेरी उघडली. त्याच वर्षी ते वारले. त्यांचे पुस्तक १९०९ साली, त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले. त्यांची शिकवण तीन गोष्टींत सांगता येते : आपण कसे आहो हे ओळखावे, काम कसे आहे हे जाणून घ्यावे, आणि दोहोंचा मेळ विचारपूर्वक घालावा. या शास्त्राचा पसारा पुढे फार वाढला, तरी पाया हाच राहिला.

आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठाने १९३८ साली या कामास आरंभ केला. मुंबईत १९४१ साली बाटलीबॉय यांचे मार्गदर्शन केंद्र निघाले, आणि १९४७ साली पारशी पंचायतीचे. या दुसऱ्या केंद्राच्या संचालिका डॉ. पेरिन मेहता या होत्या, याची नोंद आपण भगिनींनी अवश्य ठेवावी. १९५० साली मुंबई सरकारने स्वतःची कचेरी काढली, आणि १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने शाळाशाळांतून मार्गदर्शक शिक्षक असावेत असे सुचविले. माझ्यासारखीच्या कामाचे मूळ या शिफारशीत आहे.

आता या साऱ्यात मुलगी कोठे होती, ते पाहू. माणसाची आवड मोजण्याची स्ट्राँग यांची प्रश्नावली अमेरिकेत १९२७ साली निघाली, ती पुरुषांसाठी. स्त्रियांसाठी वेगळी प्रश्नावली १९३३ साली आली. पुढे पुरुषांचा कागद निळा आणि स्त्रियांचा गुलाबी, अशी वाटणी चालू राहिली. गुलाबी कागदावरील व्यवसायांची यादी निराळी होती. म्हणजे उत्तर लिहिण्यापूर्वीच निम्म्या वाटा कागदावरून पुसलेल्या होत्या! हे दोन कागद एक व्हावयास १९७४ साल उजाडावे लागले.

आपला इतिहासही याहून फार वेगळा नाही. महर्षी कर्वे स्वतः गणिताचे प्राध्यापक. परंतु १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले, ते जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून, आणि अभ्यासक्रम ठेविला तो स्त्रीच्या गृहजीवनाला धरून. त्या काळी मुलीला घराबाहेर काढावयाचे तर घराचेच नाव पुढे करावे लागत होते, हे विसरून चालणार नाही. मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांसाठी विषयांचे सात गट सुचविले. विज्ञान, तंत्र, वाणिज्य, शेती असे गट त्यांत होते, आणि गृहविज्ञानही होते. मुलींच्या शाळांतून गृहविज्ञानाची खास सोय असावी, असेही आयोगाने म्हटले. मुलीपुढे सात दारे उघडली खरी, पण पायघडी एकाच दाराशी घातली गेली.

ही चूक दाखवून दिली ती श्रीमती हंसा मेहता यांनी. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ या शब्दांऐवजी ‘सर्व मानव’ असे शब्द घालावयास लावणाऱ्या त्या याच. बडोदे विद्यापीठाच्या त्या कुलगुरू होत्या, आणि गृहविज्ञानाची विद्याशाखा तेथे त्यांच्याच कारकिर्दीत निघाली. अशा विदुषीच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत सांगितले की, मुलगे व मुली यांच्या अभ्यासक्रमांत भेद करू नये. पुढे कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात तीच भूमिका घेतली. ज्या बाईंनी गृहविज्ञानाला विद्यापीठात मान मिळवून दिला, त्यांनीच ते मुलीवर लादू नये असे म्हणावे, यात विरोध मुळीच नाही. आवडीने घेतलेला विषय आणि गळ्यात घातलेला विषय यांत जो फरक आहे, तोच त्यांनी दाखविला.

आपल्या भाषेत या फरकाला दोन सुरेख शब्द आहेत. ‘कल’ हा मुलीचा स्वतःचा असतो. ‘वळण’ आपण लावतो. शाळेत आवडींचा तक्ता भरून घेतला की शिक्षण, परिचर्या, शिवण या तीन रकान्यांत बहुतेक खुणा पडत. मग मी मुलींना सांगे, “आपल्या गावात ज्या बायका पगार मिळवितात त्यांची कामे लिहा पाहू.” यादी सहा-सात ओळींत संपे. जे कधी दिसलेच नाही त्याची आवड त्या मुलींनी कोठून दाखवावी? तक्त्यावर उतरत होते ते गावाचे वळण, आणि आम्ही त्याला कल म्हणत होतो.

कमला सोहोनी यांची गोष्ट मी दरवर्षी सांगत असे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत गेल्या, तेव्हा केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला गेला. त्या हटल्या नाहीत. अटी घालून का होईना, प्रवेश मिळविला, आणि १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. त्यांचे वडील व चुलते याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते, ही गोष्टही मी सांगावयास चुकत नसे. त्यांच्या जिद्दीला तोड नाही. पण ती वाट त्यांनी घरात पाहिलेली होती. ज्या घरात ती दिसत नाही, तेथे ती दाखविण्याचे काम शाळेचे.

२००३ च्या सुमारास दहावीतल्या एका मुलीने तक्त्यावर ‘शिवणकाम’ लिहिले. आई घरी शिलाई करी. शिवणातले काय आवडते, असे मी विचारले, तर म्हणाली, “बाई, मशीन अडले की मी उघडते.” दोऱ्याचा ताण बसविणे, पट्टा बदलणे, तेल घालणे ही सारी कामे तिची, शिवलेल्या झबल्याविषयी मात्र तिला सांगण्यासारखे काही नव्हते. मी तंत्रनिकेतनाचे नाव काढले. वडील कठोर नव्हते. ते एवढेच म्हणाले, “बाई, तुमचे पटते. पण जिल्ह्याहून शेवटची एस.टी. सव्वापाचला सुटते, आणि मुलांची कामे सहापर्यंत चालतात म्हणे. पोरीने रात्री राहायचे कुठे?” यावर कोणत्याही चाचणीत उत्तर नव्हते. उत्तर दिले ते आपल्या मंडळाच्या एका सभासद भगिनींनी. त्यांच्या धाकट्या जाऊबाई जिल्ह्याच्या गावी राहत; त्यांच्या माडीवरची खोली मुलीला मिळाली. तीन वर्षांनी ती यंत्रशाखेची पदविका घेऊन बाहेर पडली, आणि आज एका कारखान्यात तयार मालाची तपासणी तिच्या हाताखाली चालते.

यावरून प्रत्येक मुलीने यंत्रेच हाती घ्यावीत असे मात्र कोणी समजू नये. वळण सदैव चुलीकडेच नेते असे नाही. हल्ली तेच वळण मुलीला डॉक्टरकीच्या शिकवणीवर्गातही नेऊन बसविते, आणि परिचारिका होण्याचा जिचा खरा कल, ती तेथे दोन वर्षे झुरते. तीही माझ्या खोलीत येऊन रडलेली आहे.

२०१६ साली राज्यात दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कल चाचणी घेण्यात आली. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क राज्याने माफ केले. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. पण सव्वापाचच्या एस.टी.चा प्रश्न शुल्कमाफीने सुटत नाही.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. हळदीकुंकवाच्या यादीप्रमाणेच आपण एक वही घालावी. आपल्यापैकी कोणाचे आप्त कोणत्या शहरी आहेत, कोणाच्या घरी परीक्षेपुरती वा वर्षभर एखादी मुलगी राहू शकेल, कोणती भगिनी काय काम करते आणि ते मुलींना दाखविण्यास केव्हा वेळ देईल, हे तीत लिहावे. पहिल्या पानावर माझे नाव घालण्यास हरकत नाही. माझ्या घरची मागची खोली रिकामी आहे.