घोडेस्वाराच्या बुटाचा तळ

पायी चालणाऱ्याच्या जोड्याचा तळ जमिनीवर टिकला की पुरे. स्वाराच्या बुटाचा तळ मात्र जमिनीवरही टिकला पाहिजे आणि रिकिबीलाही मानवला पाहिजे, आणि या दोन अपेक्षा परस्परविरुद्ध आहेत. घोडा बुजून स्वार खाली आला तर त्याचा पाय रिकिबीतून तत्काळ सुटावा, नाही तर उधळलेले जनावर त्याला फरफटत नेईल, म्हणून तळ गुळगुळीत हवा. उलट खडी, चिखल आणि फरसबंदी यांच्याशी गाठ असताना तोच तळ खिळ्यांनी मढवलेला बरा. या विरोधाचा परिहार करण्यासाठी कारागिरांनी जे उपाय योजले, त्यांत या धंद्याचे सारे चातुर्य साठवले आहे.

इराणी स्वार उंच टाचेचे जोडे वापरीत, कारण रिकिबीत उभे राहून धनुष्य ओढताना टाचेच्या आधाराने पाय जागच्या जागी राही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, शहा अब्बासच्या अमदानीत, सफवी दरबाराचे वकील युरोपातील राजांकडे जाऊ लागले, त्याच सुमारास पश्चिमेकडेही टाच रूढ झाली. आणि इंग्लंडात पहिल्या चार्ल्सच्या कारकिर्दीत (१६२५–१६४९) सरदार मंडळी स्वारीचे उंच बूट शहरातही मिरवू लागली. पावसाने रेंदा झालेल्या रस्त्यात ही अरुंद टाच रुते आणि तळाचे कातडे भिजून फुगे. त्यावर तोड निघाली ती अशी, की बूट पायातच ठेवून त्यावर मागून उघड्या, सपाट तळाच्या सपाता चढवावयाच्या. टाच त्या सपाट तळावर टेकत असल्याने रुतत नसे, बुटाचा तळ चिखलास शिवत नसे, आणि घोड्यावर बसतेवेळी सपाता काढून ठेवल्या की रिकिबीसाठी स्वच्छ, गुळगुळीत तळ मोकळा होई. पावलागणिक सपातेचा तळ टाचेवर फटफट आपटे. पुढे हाच तळ जोड्याच्या पुढच्या भागाला कायमचा शिवून, टाचेखाली मोकळा सोडून देण्याची रीत स्त्रियांच्या पादत्राणांतही शिरली आणि उपयोगासाठी निघालेली वस्तू निव्वळ शोभेची झाली.

वरून संरक्षण देण्याइतकेच महत्त्व मूळ कातड्याला होते. तळासाठी बैलाच्या पाठीकडचे जाड कातडे निवडून ते ओक वृक्षाच्या सालीबरोबर हौदांत वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ, मुरत ठेवीत. मोची ते भिजवून मांडीवरच्या दगडावर हातोडीने ठोके, तेव्हा तंतू दाटून त्यात पाणी व रेती शिरावयास वाव कमी राही. शिवणीतील दोरा जमिनीला घासला तर तळ उसवणार, हे जाणून तो तळाच्या कडेने तिरकी चीर पाडी, टाके त्या खाचेत बसवी आणि कातड्याची सुटी कड खळीने चिकटवून मिटवून टाकी. अशा रीतीने दोऱ्यावरची झीज प्रथम कातडे सोसी. भिजलेला बूट आगटीजवळ वाळवू नये, हा दंडकही याच अनुभवातून आला, कारण उष्णतेने तळ कडक होऊन तडकतो.

लोखंडाचा उपयोग स्वाराला जपूनच करावा लागे. पायदळाच्या बुटांना तळभर खिळे चालत. स्वाराच्या तळावर तेच खिळे रिकिबीत अडकण्याची भीती. म्हणून आपल्याकडे वहाणेच्या टाचेला नाल ठोकतात त्याप्रमाणे त्याच्या बुटाला टाचेच्या कडेपुरती पट्टी बसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लीड्स येथील ब्लेकी यांच्या कारखान्यातून अशा तयार लोखंडी पट्ट्या सर्वत्र जाऊ लागल्या. १८४४ साली चार्ल्स गुडइयर यांना रबर गंधकाने पक्के करण्याच्या कृतीचे अमेरिकी पेटंट मिळाले, आणि त्यातून बुटावर चढवण्याचे टिकाऊ रबरी जोडे निघाले. चिखलातून जाताना घालावेत, घोड्यावर बसताना उतरवावेत, ही सपातांचीच जुनी युक्ती नव्या द्रव्यात साकार झाली.

बूट पायाला आणि पोटरीला बसण्यास फार काळ लागतो, आणि एकदा बसलेला त्याचा घाट दुसऱ्या बुटात विकत मिळत नाही. म्हणूनच सपात काय, पट्टी काय किंवा रबरी जोडा काय, झिजेचा भार अशा भागावर टाकावा की जो थोडक्या खर्चात बदलता येईल, हे तत्त्व मोच्यांनी शतकानुशतके पाळले. आणि वस्तू टाकून देण्यापेक्षा ती जपणे ज्यांना उचित वाटते, त्यांनी या कारागिरांचे ऋण मोकळ्या मनाने मानले पाहिजे.