साडेत्रेसष्ट अंश: मुंबईतल्या घरांच्या उजेडाची गोष्ट

आजचा भाग घरच्याच मैदानावरचा, म्हणजे कुर्ल्यातला.

गेल्या महिन्यात आमच्या नेहरूनगरच्या सोसायटीत पुनर्विकासाची मीटिंग झाली. अडीच तास चालली. कार्पेट किती, कॉर्पस किती, भाडं किती, पार्किंग कुणाला. शेवटी तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "समोरची बिल्डिंग किती लांब येणार?" बिल्डरचा माणूस म्हणाला, "नियमाप्रमाणे." विषय संपला. मला मात्र झोप येईना. हा नियम नेमका आला कुठून?

तर चला, सप्टेंबर 1896 मध्ये. मांडवीत डॉ. अकॅशिओ व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. शहर रिकामं व्हायला लागलं. सरकारने 1898 मध्ये मुंबई सुधार मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन केलं. समज असा होता की अंधाऱ्या, कोंदट खोल्यांमुळे प्लेग पसरतो. गंमत बघा, त्याच वर्षी पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने उंदरांवरच्या पिसवांकडे बोट दाखवलं होतं. म्हणजे रोगाचं निदान चुकलं होतं. पण उजेड-हवेचा उपाय वाया गेला नाही. का, ते पुढे सांगतो.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी एका कोनाचा आग्रह धरला: साडेत्रेसष्ट अंश. समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून तुमच्या भिंतीच्या पायथ्यापर्यंत एक तिरकी रेघ ओढा. ती जमिनीशी यापेक्षा मोठा कोन करता कामा नये. साध्या भाषेत, इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मी मोकळी जागा समोर हवी. दादर-माटुंग्याच्या जुन्या वसाहतींत आजही दुपारी दिवा लावावा लागत नाही, त्यात अशा आखणीचा मोठा वाटा आहे.

पण ट्रस्टला देव्हाऱ्यात बसवायला नको. त्यांनी जेवढ्या खोल्या पाडल्या तेवढ्या बांधल्या नाहीत. उठवलेली गरीब माणसं शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहिली. एकाला उजेड मिळाला, तो दुसऱ्याच्या छपराच्या किमतीवर.

कुर्ला तेव्हा मुंबईच्या हद्दीबाहेर. इथे होती ती स्वदेशी मिल, आणि गिरणीमागे आलेली वस्ती. 1950 मध्ये हद्द वाढली. नंतर गृहनिर्माण मंडळाने नेहरूनगर, टिळकनगरसारख्या वसाहती बांधल्या. तीन-चार मजले, मध्ये मैदान, झाडं. "ग्रीन होम" हा शब्द कुणी ऐकला नव्हता. खोल्या लहान, पण वारा आरपार. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळवतो तो वाराच. नुसतं तापमान उतरून भागत नाही.

मग 1990 च्या दशकात झोपडपट्टी पुनर्वसन आलं. मोफत घरं द्यायची, जमीन महाग, मग सवलत कशात? अंतरात. पुनर्वसनाच्या इमारतींमध्ये तीन मीटरही चालू लागले. आता हिशोब करा. 24 मीटर उंच इमारत, समोर तीन मीटर जागा: कोन 83 अंश. ऑरच्या नियमाने 12 मीटर लागले असते. गल्ली उत्तर-दक्षिण असेल, तर मार्च-सप्टेंबरच्या सुमारास तळमजल्याच्या भिंतीवर ऊन पडतं जेमतेम अर्धा तास. साडेत्रेसष्ट अंशांत तेच पावणेदोन तास.

कुर्ल्यापासून जवळच गोवंडी. तिथल्या नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड आणि पीएमजीपी वसाहतीचा अभ्यास 'डॉक्टर्स फॉर यू' आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी केला. तो 2018 मध्ये समोर आला. जिथे इमारती खेटून आहेत, उजेड-वारा नाही, तिथे क्षयरोग जास्त. मोकळी जागा असलेल्या पीएमजीपीत बराच कमी. प्लेगच्या नावाने सुचलेला उपाय खरा लागू पडत होता तो क्षयाला. शंभर वर्षांनी आपण तोच नियम सैल केला.

आणि विजेचं काय? अशा घरात ट्यूबलाइट सकाळपासून चालू. खिडकी उघडली तर समोरच्यांची भांडी दिसतात, म्हणून ती बंद. मग पंखा, मग हप्त्यावर एसी. 2018 मध्येच केंद्राची इको निवास संहिता आली. आपल्यासारख्या उष्ण-दमट हवामानात उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्रफळ घराच्या क्षेत्रफळाच्या एक-षष्ठांश हवं, असं ती सांगते. चांगलंच आहे. पण समोर तीन मीटरवर भिंत असेल, तर ती खिडकी म्हणजे आमच्या ऑफिसच्या भाषेत सगळ्या टेस्ट पास झालेलं, पण न चालणारं ॲप. छतावरचं सोलर, पाच स्टारची उपकरणं, हे सगळं नंतर बदलता येतं. दोन इमारतींमधलं अंतर एकदा ठरलं की पुढची पन्नास वर्षं तेच.

म्हणून पुनर्विकासाच्या मीटिंगला जाणार असाल, तर आधी तिथल्या नकाशावर समोरच्या इमारतीची उंची आणि अंतर विचारा. उंचीला अंतराने भागा. उत्तर दोनच्या आसपास आलं तर छान. आठ आलं, तर तळमजल्यावर कोण राहणार आहे, हे त्याच मीटिंगमध्ये विचारा.

आमच्या पुढच्या मीटिंगला मी काकूंच्या शेजारी बसणार आहे, नकाशा घेऊन. काय झालं ते सांगेनच. तोवर तुमच्या घरासमोरचा कोन मोजा आणि कळवा. भेटू पुढच्या भागात!