सर धनजीशा कूपर : सातारा जिल्ह्यातील ब्राह्मणेतर राजकारण आणि १९३७ चे हंगामी मंत्रिमंडळ

१९३५ च्या कायद्यान्वये प्रांतिक स्वायत्तता १ एप्रिल १९३७ रोजी अमलात आली. त्या दिवशी मुंबई प्रांताच्या पहिल्या मंत्रिमंडळाचे नेतृत्व साताऱ्याचे पारशी उद्योजक धनजीशा बोमनजी कूपर (१८७८-१९४७) यांच्याकडे आले. प्रांताचा इतिहास लिहिताना या मंत्रिमंडळाची नोंद बहुधा एका ओळीत आटोपली जाते आणि बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळापासून खऱ्या विवेचनास आरंभ होतो. कूपर यांची कारकीर्द अवघी साडेतीन महिन्यांची असल्याने हे स्वाभाविकही आहे. तथापि त्या पदापर्यंत ते ज्या वाटेने पोहोचले, ती वाट सातारा जिल्ह्याच्या शेतीतून आणि ब्राह्मणेतर चळवळीतून जाते. तिचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तत्कालीन सातारा जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हा भागही समाविष्ट होता. येथे रयतवारी पद्धत असल्यामुळे बंगाल वा संयुक्त प्रांतासारखे मोठे जमीनदार नव्हते. गावाची सत्ता इनामदार, सावकार आणि पाटील-कुलकर्णी यांच्यात विभागलेली होती. १९१९ ते १९२१ या काळात सत्यशोधक जलशांनी हा जिल्हा ढवळून काढला. गावोगावी पुरोहितांवर आणि सावकारांवर बहिष्कार पडले. याच चळवळीतून भास्करराव जाधव यांच्यासारखे नेते कायदे कौन्सिलात गेले व १९२० नंतरच्या द्विदल राज्यपद्धतीत मंत्रीही झाले.

कूपर जातीने ब्राह्मणही नव्हते आणि मराठाही नव्हते. या वादात बाहेरचा असणे ही त्यांची अडचण ठरण्याऐवजी सोय ठरली. जिल्हा लोकल बोर्डाचे अध्यक्षपद त्यांनी मिळविले. शाळा, रस्ते, विहिरी आणि शिक्षकांच्या नेमणुका ज्या संस्थेच्या हाती होत्या, तिचा ताबा म्हणजे गावपातळीवरील राजकारणाची किल्लीच होती. पुढे ते मुंबई सरकारात मंत्री आणि त्यानंतर गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य झाले.

त्यांच्या प्रभावाचे दुसरे अधिष्ठान म्हणजे सातारा रोड येथील लोखंडी नांगरांचा कारखाना. कोरेगाव तालुक्यातील पाडळी येथे, रेल्वे स्थानकालगत, १९२० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत तो उभा राहिला. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा खोलवर मुळे धरतात. लाकडी नांगराने ती निघत नाहीत. लोखंडी नांगराने जमीन खोल उलथते, परंतु त्यास बैलांच्या अनेक जोड्या लागतात. म्हणजेच हा नांगर घेणारा शेतकरी खाऊनपिऊन सुखी, बऱ्यापैकी सारा भरणारा असे. १९१९ च्या सुधारणांनी मताधिकार दिला तोही मुख्यतः याच वर्गाला. कूपर यांचे गिऱ्हाईक आणि त्यांचा मतदार हे बऱ्याच अंशी एकच होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

याच क्षेत्रात १९१० मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्करवाडीचा दबदबा होता. किर्लोस्करांच्या नांगरांचा प्रचार करीत खेडोपाडी हिंडलेले भाऊराव पाटील कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीत सहभागी झाले. भाऊरावांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेचा पाया घातलेला होता. शेतकऱ्यांचा विश्वास हे त्यांचे भांडवल होते आणि नव्या कारखान्याला त्याचीच गरज होती. पुढे दोघांत तीव्र वितुष्ट आले व भाऊराव तेथून बाहेर पडले. एकाच चळवळीच्या आश्रयाने वाढलेले दोन पुरुष येथून वेगळे झाले : एकाचा मार्ग वसतिगृहांकडे वळला, दुसऱ्याचा सचिवालयाकडे.

कूपर मुंबईत वरच्या पदांवर चढत असतानाच त्यांच्या पायाखालची जमीन सरकत होती. १९३० च्या सत्याग्रहात केशवराव जेधे काँग्रेसमध्ये गेले. त्याच वर्षी शिराळा तालुक्यातील बिळाशी येथे जंगल सत्याग्रह झाला. सत्यशोधक विचारांत वाढलेले वाळवा तालुक्यातील येडेमच्छिंद्रचे नाना पाटील तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत उतरले. रयतेचा ओढा काँग्रेसकडे वळला. ब्राह्मणेतर पक्षाचे नाव राहिले, बळ राहिले नाही.

१९३७ च्या निवडणुकीत १७५ पैकी ८६ जागा जिंकून काँग्रेस मुंबई विधानसभेतील सर्वांत मोठा पक्ष ठरली. गव्हर्नर आपले विशेषाधिकार वापरणार नाहीत असे आश्वासन मिळाल्याखेरीज अधिकारग्रहण नाही, ही काँग्रेसची भूमिका होती. गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांनी ते दिले नाही आणि मंत्रिमंडळ बनविण्याचे आमंत्रण कूपर यांना गेले. त्यांच्या सहकाऱ्यांत एके काळचे टिळकानुयायी जमनादास मेहता होते, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. बहुमत नसलेल्या या मंत्रिमंडळाने विधानसभेला सामोरे जाण्याचे टाळले. सहा महिन्यांच्या आत अधिवेशन बोलावण्याचे बंधन असल्याने तेवढी मुदत हाती होती.

अन्य प्रांतांत हाच प्रयोग झाला. संयुक्त प्रांतात छतारीचे नवाब, ओरिसात पारलाकिमिडीचे महाराज पुढे आले. दोघेही मोठे जमीनदार. मुंबई प्रांतात तशी जमीनदारी नव्हती, म्हणून सरकारला नांगर बनविणारा माणूस शोधावा लागला. भूमीवरील सत्तेचे रूप प्रांतागणिक बदलत होते, सत्तेला आधार शोधण्याची सरकारची रीत मात्र एकच होती. कूपर यांना केवळ सरकारचे हस्तक ठरविणेही एकांगी होईल. लोकल बोर्डातील त्यांचे स्थान निवडणुकीतून आले होते, आमंत्रणातून नव्हे. १९३७ मध्ये मात्र हा क्रम उलटला.

जूनमध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी खुलासा केला. जुलैच्या आरंभी वर्धा येथे काँग्रेस कार्यकारिणीने अधिकारग्रहणास संमती दिली. १९ जुलै १९३७ रोजी खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. सातारा रोडचा कारखाना पुढे वालचंद उद्योगसमूहाकडे गेला. कूपर यांच्या हयातीतच वाळवा, तासगाव परिसरात नाना पाटील यांचे प्रतिसरकार उभे राहिले. १९४९ मध्ये या जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे विभाजन झाले व दक्षिण साताऱ्यास १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. १९५६ मध्ये देवराष्ट्रे येथे जन्मलेले यशवंतराव चव्हाण द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. या परिसराने दिलेल्या मुख्यमंत्र्यांची गणना सहसा त्यांच्यापासूनच केली जाते.