मुसल्लस, त्रिकोण आणि तिकोन

माझे अब्बा निजामाच्या राज्यातल्या शाळेत शिकले आणि मी महाराष्ट्रातल्या. घर एकच, माकणीचे. पण भूमिती दोन. त्यांना मुसल्लस शिकवला गेला, मला त्रिकोण. त्यांचा दायरा माझे वर्तुळ झाला आणि त्यांचा मुरब्बा माझा चौरस. (मला कितीतरी दिवस वाटे, मुरब्बा म्हणजे बरणीतला आवळ्याचा, तो चार बाजूंचा कसा असेल?) हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले, तिथे वरचे शिक्षण उर्दूतून द्यायचे ठरले आणि त्यासाठी शास्त्रांची परिभाषा घडवली गेली. १७ सप्टेंबर १९४८ नंतर राज्य गेले, पुढे शाळाही मराठी झाल्या आणि संस्कृत वळणाचे शब्द आले.

आमच्या दादीला या सत्तांतराचा पत्ता नव्हता. ती शाळेत गेलीच नव्हती. ती नुसते ‘तिकोन’ म्हणे. पण वाकळ शिवायला बसली की चौकोनी चिंधी कोपऱ्यातून कोपऱ्यात दुमडून कापली तर दोन सारखे तिकोन होतात, आणि ते पुन्हा लांब बाजूने जोडले तर चौकोन परत मिळतो, हे ती मला दाखवी. ‘बघ, बरोबर बसतो का?’ एवढाच तिचा प्रश्न. माझा भूमितीचा पहिला धडा तो. गंमत म्हणजे पोरांना आकार कसे शिकवावेत यावर जगात जे थोर विचार झाले, त्यांचा गाभा दादीच्या या प्रश्नात आहे.

जर्मनीतल्या फ्रोबेलने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी शाळा काढली. पुढे तिलाच किंडरगार्टन, बालोद्यान हे नाव मिळाले. हा माणूस तरुणपणी बर्लिनच्या संग्रहालयात स्फटिक लावण्याचे काम करी. आकारांचे वेड तिथले. त्याने मुलांना खेळ दिले, त्यांना ‘देणग्या’ म्हटले. पहिली देणगी लोकरीचे चेंडू. दुसरीत लाकडी गोल, घन आणि नळकांडे. गोल घरंगळतो, घन ठिय्या मारून बसतो, आणि नळकांडे उभे केले तर बसते, आडवे केले तर घरंगळते. तीन वस्तू शेजारी ठेवल्या की मूल आपणहून तुलना करू लागते. व्याख्या सांगावी लागत नाही. प्रशियाच्या सरकारला या चेंडू-ठोकळ्यांत काय धोका दिसला कोण जाणे, १८५१ साली त्यांनी या शाळांवर बंदी घातली! दुसऱ्या वर्षी फ्रोबेल वारला.

मारिया माँटेसरीने १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत बालगृह काढले. तिने लाकडी त्रिकोण, वर्तुळे, चौकोन केले आणि ज्याला त्याला बसेल अशी खोबण ठेवली. मुलाने कडेवरून बोट फिरवायचे, मग तो आकार त्याच्या घरात बसवायचा. चुकले तर बसतच नाही. बाईंना ओरडावे लागत नाही.

पण ही लाकडी पेटी महाग. खेड्यात ती कोण घेणार? इथे आपल्या ताराबाई मोडक आठवतात. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाच्या उभारणीत असलेल्या, १९३६ साली दादरला शिशुविहार काढणाऱ्या ताराबाई १९४५ साली शहर सोडून बोर्डीला गेल्या. सोबतीला अनुताई वाघ आल्या. समुद्रकाठच्या त्या गावात आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये त्यांनी पेटीचा हट्ट सोडला आणि शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हेच साधन केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा आजचा सरकारी शब्द त्या कामातून आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो शब्द पुढे गावोगाव पोचला. शब्द पोचला, पण त्यामागचे शिंपले आणि बिया सगळीकडे पोचल्या असे मला वाटत नाही. बऱ्याच ठिकाणी त्यांची जागा भिंतीवरच्या चित्रांनी घेतली.

भिंतीवरचा त्रिकोण नेहमी पाट मांडून बसलेला असतो, टोक वर. माझी चार वर्षांची नात तोच बघून आली. मी कागदाचा त्रिकोण कापून टोक खाली करून धरला. ती म्हणाली, ‘हा त्रिकोण नाही. हा पडलाय.’ चौरस तिरका धरला तर म्हणाली, ‘ही शंकरपाळी.’ हॉलंडमधल्या पिएर आणि दिना व्हॅन हिले या शिक्षक दांपत्याने १९५७ साली आपल्या प्रबंधांत हेच मांडले होते. मूल आधी आकार एकूण रूपावरून ओळखते. बाजू, कोपरे ही लक्षणे नंतर येतात. त्या ‘नंतर’पर्यंत न्यायचे तर आकार हाताळायला द्यावा लागतो.

‘पडलाय’ या तिच्या शब्दापाशी मात्र मी अडखळलो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारी आमच्यापासून जवळच, आणि आमच्याच लोहारा भागातले सास्तूर तर उद्ध्वस्त झाले. एकूण बावन्न गावे उठवून नव्या जागी वसवावी लागली. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर माळवदाचा मातीचा भार. त्याखाली हजारो माणसे गेली. आमच्या घराची मागची भिंत बसली. खणाचे लाकडी खांब-तुळया उभ्या राहिल्या, पण एका अंगाला कलल्या. चार लाकडांचा चौकोन, चारही बाजू शाबूत, आणि तरी शंकरपाळी झालेला! पुढे उरलेली घरे बळकट करायची सरकारी माहिती आली, तिच्यात खांब आणि तुळईच्या कोनात तिरपी पट्टी ठोका, असे होते. म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यात एकेक तिकोन. आमच्या सुताराने त्या ठोकल्या. शाळेत त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढून काढून माझी बोटे झिजली होती. तो डळमळत नाही, हे मला तेव्हा, विशी ओलांडल्यावर कळले.

फ्रोबेलच्या शेवटच्या देणग्यांत भिजवलेले वाटाणे आणि काड्या होत्या. १८९९ साली अमेरिकेतल्या एका बालवर्गात बकमिन्स्टर फुलर नावाचा चार वर्षांचा मुलगा त्या घेऊन बसला. त्याची नजर फार अधू. बाकीच्या मुलांनी घरे पाहिलेली, त्यांनी चौकोनी घरे केली. याने चाचपून पाहिले तर चौकोन वाकतो, त्रिकोण घट्ट राहतो. त्याने त्रिकोणच जोडत नेले. पुढे त्रिकोणांनी विणलेल्या घुमटाचे पेटंट त्याला १९५४ साली मिळाले.

आपल्याकडे वाटाणे भिजवायला नकोत. ज्वारीचे धाट सोलले की वर चिपाड, आत पांढरे भेंड. आमच्या पिढीने याच्या बैलगाड्या केल्यात. मी चिपाडाच्या चार काड्या भेंडाच्या तुकड्यांत खोचून नातीला चौकोन करून दिला. तिने बोटाने ढकलला, तो कलला. ‘पडला,’ ती खुश होऊन म्हणाली. मग तीन काड्यांचा केला. ढकलला, उलटा केला, टोकावर धरला, उशीखाली दाबला. मग स्वतःच कललेल्या चौकोनात एक काडी तिरपी घालायला लागली. काडी आखूड पडली, दुसरी घेतली, तीही आखूड. कर्ण बाजूपेक्षा लांब असतो हे तिला कुणी सांगितले नव्हते, मीही सांगितले नाही. चिपाडाची धार लागेल म्हणून काड्या मीच सोलून देत होतो. संध्याकाळपर्यंत कडब्याची एक पेंडी सुटली, आणि म्हैस दावणीला हंबरत राहिली.