पालखी, जाळे आणि पडदा
वऱ्हाडातील शिकार व मासेमारीच्या आठवणी

आपल्या भोई समाजाच्या मेळाव्यात व्यासपीठावरील भाषणे आटोपली आणि पंगती उठल्या, की मंडपाच्या एका कोपऱ्यात वडीलधाऱ्या मंडळींची बैठक हमखास जमते. प्रथम पाऊसपाणी निघते, मग सोयरीक निघते, आणि अखेरीस गोष्ट नदीवर येऊन ठेपते. अमुक डोहात सापडलेली मरळ, पुरात वाहून गेलेला डोंगा, मेळघाटच्या वाटेवर ऐकलेली वाघाची डरकाळी, यांत रात्र कशी सरते ते कळत नाही. मागे अशाच एका बैठकीत आम्ही बसलो असता एका शाळकरी मुलाने विचारले, "आजोबा, हे सगळे टीव्हीवर कुठे दाखवतात का?" मंडळी हसली, परंतु त्या मुलाला उत्तर कोणीच दिले नाही. तो प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अल्पसा प्रयत्न होय.

परदेशात हे दाखवीत असत, ही गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. अमेरिकेत १९६५ साली एबीसी या कंपनीने 'दि अमेरिकन स्पोर्ट्समन' नावाचा शिकारीचा व मासेमारीचा कार्यक्रम सुरू केला. कर्ट गाउडी हे प्रसिद्ध क्रीडा-निवेदक तो सादर करीत, आणि नामांकित नटनट्या व खेळाडू त्यात बंदूक अथवा गळ घेऊन रानावनांत, नदीतीरांवर जात. हा कार्यक्रम १९८६ पर्यंत चालला. इंग्लंडात १९६० ते १९८१ या काळात जॅक हारग्रीव्हज या गृहस्थांचा 'आउट ऑफ टाउन' हा कार्यक्रम चाले. त्याचा थाट मात्र निराळा होता. येथे मोठ्या शिकारीची फुशारकी नव्हती. गळ कसा बांधावा, गाडीचे चाक कसे घडते, घोड्याचे सामान कोण शिवतो, अशा खेड्यांतून लोपत चाललेल्या कारागिरीची ओळख ते शांतपणे करून देत. बालपणी वडिलांच्या मांडीला मांडी लावून हे कार्यक्रम पाहिलेली तेथील माणसे आज वृद्ध झाली असून त्यांची आठवण मोठ्या जिव्हाळ्याने काढतात. त्या आठवणीत मासा निमित्तमात्र असतो. खरी आठवण असते ती शेजारी बसलेल्या बापाची.

आपल्याकडे काय झाले? दिल्लीस दूरदर्शनचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी उघडले. वाचकांनी हे १९७२ साल ध्यानात ठेवावे. त्याच वर्षी संसदेने वन्यजीव संरक्षण कायदा संमत केला आणि शिकारीचा जुना जमाना कायद्याने संपला. म्हणजे ज्या वर्षी महाराष्ट्रात पडदा उजळला, त्याच वर्षी बंदूक खाली ठेवावी लागली. अमरावती-अकोल्याच्या गल्लीबोळांत दूरदर्शन संच येऊन पोहोचले तेव्हा दाखवावयास शिकार उरलीच नव्हती. आमच्या मुलांनी रानाची गोष्ट पडद्यावर पाहिली ती १९९३ साली, रविवारच्या सकाळी, 'जंगल बुक'मधील मोगलीच्या रूपाने. गोष्ट सिवनीच्या रानाची, म्हणजे आपल्याच सातपुड्याच्या मुलखातली; पण चित्रे मात्र परदेशात काढलेली!

तेव्हा आपल्या शिकारीचा व मासेमारीचा इतिहास शोधावयाचा तर तो ग्रंथांतच शोधावा लागतो. दक्षिणेतील सर्वांत महत्त्वाचा जुना आधार म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, सुमारे ११३० च्या सुमारास, रचविलेला 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ. राजाच्या करमणुकींचे वर्णन करताना त्यात मृगयेबरोबर मत्स्यविनोदही आला आहे. माशांच्या जाती, त्यांना आवडणारे आमिष, गळ टाकण्याची रीत, हे सारे त्यात बारकाईने सांगितले आहे. हे ज्ञान राजाने स्वतः चिखलात उभे राहून मिळविले असेल, असे आम्हांस वाटत नाही. कोणता मासा कोणत्या आमिषाला येतो, हे ज्याचे पोट त्या माशावर अवलंबून आहे त्यालाच प्रथम कळते. ग्रंथावर नाव मात्र राजाचे राहिले, आणि ते साहजिकच आहे.

पुढे इंग्रजी अमदानीतही हेच घडले. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६६ साली मेळघाटातील बैरागड व गुगामल ही राने राखीव झाली. राखीव रानाचे भाग पाडून शिकारीचे परवाने देण्याची पद्धत रूढ झाली. उपद्रवी जनावर मारल्यास सरकारातून बक्षीसही मिळे. मध्य हिंदुस्थानातील रानांविषयी कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांचा ग्रंथ १८७१ साली आणि वनाधिकारी डनबार ब्रँडर यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही ग्रंथ वाचनीय आहेत, आणि जनावरांच्या सवयींविषयीचे त्यांतील निरीक्षण आजही अभ्यासक आदराने वाचतात. परंतु वाघाची शिकार एकट्या साहेबाने कधी केली आहे काय? माग काढणारा निराळा, आमिषाला रेडकू बांधणारा निराळा, मचाण बांधणारा निराळा. डबे-ढोल वाजवीत, जीव मुठीत धरून हाका करणारे तर पन्नास-शंभर. मेळघाटात हे काम प्रायः कोरकू, गोंड, गवळी या रानातल्या लोकांकडे असे. वाघ मचाणाकडे न जाता उलट फिरला, तर तो प्रथम यांच्या अंगावर येई. छायाचित्रात वाघावर पाय ठेवून साहेब उभा राहिला. मागच्या रांगेतील माणसांची नावे कोणी विचारली नाहीत.

'आपण काय, पालखीचे भोई' हे बोल मराठीत सर्वतोमुखी आहेत. दुसऱ्याचा मान खांद्यावर वाहावा आणि स्वतः निनावी राहावे, असा त्याचा अर्थ. हा शब्दप्रयोग आपल्याच पूर्वजांवरून पडला, हे कोणास निराळे सांगावयास नको. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातिजमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ढीवर, कहार, भोई यांचे पालखी वाहणे, पाणी भरणे, मासे धरणे, तळ्यांत शिंगाडा लावणे हे व्यवसाय नोंदले आहेत. या नोंदीबद्दल आपण कृतज्ञ असावे. तथापि ती बाहेरून पाहणाऱ्याची नोंद आहे. आतून पाहणाऱ्याने, म्हणजे आपण, काय लिहिले?

शिकारीच्या दिवसांविषयी हळहळ वाटणे मनुष्यस्वभावास धरून आहे; परंतु ते दिवस परत यावेत असे आम्ही म्हणणार नाही. १९७२ च्या गणनेत सबंध देशात वाघ अवघे १,८२७ भरले. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ प्रकल्पांत आपल्या मेळघाटाचा समावेश झाला. बंदूक ठेवली म्हणूनच आज सिपना नदीच्या काठी वाघाचे ठसे उमटतात. व्यंकटेश माडगूळकर हे स्वतः शिकारीचे शौकीन होते. पण पुढे त्यांनी रानाकडे केवळ पाहणाऱ्याच्या नजरेने पाहिले, आणि त्यातून 'नागझिरा' व 'सत्तांतर' यांसारखी पुस्तके मराठीला लाभली. 'सत्तांतर'ला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मात्र याच रक्षणापायी मेळघाटातील काही गावांना आपली जागा सोडावी लागली, हेही विसरून चालणार नाही. पूर्वी ज्यांनी हाका केला, त्यांच्याच नातवंडांना रानाबाहेर यावे लागले.

आता आपल्या घरच्या विषयाकडे, म्हणजे नदीकडे, वळू. वऱ्हाडाची नदी म्हणजे पूर्णा. सातपुड्यात उगम पावून ती अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून वाहत जाते आणि चांगदेवाजवळ तापीस मिळते. तिच्या दोन्ही अंगांस खारपाणपट्टा आहे. विहिरीचे पाणी मचूळ, म्हणून नदीच्या गोड्या डोहांचे मोल अधिक. पूर्वेस वर्धा नदी आहे, दक्षिणेकडून काटेपूर्णा, मोर्णा येतात. या सर्व नद्यांच्या काठी आपली घरे वसली. पावसाळ्यात माणसे पैलतीरी पोहोचवावीत, पाणी निवळले की जाळे टाकावे, आणि उन्हाळ्यात पात्र उघडे पडले की वाळूत डांगरवाडी लावावी, असा वर्षाचा क्रम होता. एकाच नदीने तीन हंगामांत तीन परींनी पोसावे, असे दुसरे शेत कोणते?

जाळे घरी विणले जाई. सणाचे सूत मांडीवर वळावयाचे, डोळे सारखे पडावेत म्हणून बांबूची पट्टी धरावयाची, विणून झाले की बाभळीच्या सालीच्या काढ्यात बुडवून ते टिकाऊ करावयाचे आणि कडेला शिशाच्या गोळ्या ओवावयाच्या. फेकजाळे खांद्यावरून असे सुटले पाहिजे की पाण्यावर पडताना त्याचे पूर्ण वर्तुळ व्हावे. आम्ही लहानपणी हे अंगणात शिकलो. तुळशीवृंदावन मध्ये धरून त्याभोवती जाळे नीट पडले, तरच नदीवर येण्याची परवानगी मिळे. जाळ्याच्या डोळ्याचे माप हाच आपला कायदा होता. डोळा मोठा ठेवला की पिलू निसटते, आणि निसटलेले पिलू पुढील वर्षी मोठे होऊन परत येते.

मरळ हा आपल्याकडचा मानाचा मासा. तो पाण्यावर तोंड काढून हवा घेतो, म्हणून आटलेल्या डबक्याच्या चिखलातही तग धरतो. त्याच्या पिलांचा तांबूस थवा पाण्यावर दिसतो आणि खाली आईबाप राखण करीत असतात. अशी राखण करणारी मरळ धरू नये, असे आमच्या घरी निक्षून सांगत. परंतु केवळ गुणगान करून भागणार नाही. मृगाचा पहिला पूर आला की अंडी घालण्यासाठी ओढ्यानाल्यांत चढणारे मासे, ज्यांना आपण चढणीचे मासे म्हणतो, ते आपणही टोपल्या भरभरून धरले आहेत. पुढे कोणी सुरुंग लावले, कोणी पाण्यात विष कालवले. असे करण्यास १८९७ च्या मत्स्य कायद्यानेच बंदी घातली होती. तरी ते घडले, आणि आपण गप्प राहिलो. हाही आपल्या इतिहासाचाच भाग होय.

स्वातंत्र्योत्तर काळात सर्वच पालटले. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरक टोचून माशांचे प्रजनन घडवून आणले. त्यामुळे रोहू, कटला, मृगळ यांचे बीज हवे तेव्हा मिळू लागले; तो दिवस आता देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. इकडे महानजवळ काटेपूर्णेवर, मोर्शीजवळ वर्धेवर मोठी धरणे झाली. नदीवरचा भोई जलाशयावर गेला, त्याने सहकारी संस्था काढली, ठेक्याचे कागद केले. सणाचे जाळे गेले, नायलॉनचे आले. मिळकत काहींची वाढली, हे मान्य केले पाहिजे. पण धरणाखालची नदी उन्हाळ्यात कोरडी पडली आणि जुने डोह गाळाने भरले. अकोल्याची मोर्णा तर जलकुंभीने इतकी माजली की २०१८ साली हजारो नागरिकांना पात्रात उतरून ती उपसावी लागली. डोह बुजला की त्याचे नाव बुजते, आणि नाव बुजले की त्यासंबंधीचे ज्ञानही जाते.

हे ज्ञान किती मोलाचे आहे, हे ओळखणारे एक थोर गृहस्थ महाराष्ट्रात होऊन गेले. ते म्हणजे मारुती चितमपल्ली. वनाधिकारी म्हणून त्यांची सेवा नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट या रानांत झाली. रानातल्या माणसांपाशी आणि ढीवरांपाशी बसून त्यांनी पक्ष्यांची, झाडांची, माशांची नावे टिपून घेतली, त्यांचे कोश रचले आणि आपल्या बोलीतील शब्दांना मराठी साहित्यात स्थान दिले. २००६ साली सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जून रोजी ते निवर्तले. बाहेरच्या एका माणसाने आपल्या अंगणात येऊन एवढे वेचले. मग घरच्यांनी किती वेचावयास हवे होते!

म्हणून समाजातील तरुण बंधुभगिनींस आमची एक विनंती आहे. आज प्रत्येकाच्या हाती भ्रमणध्वनी आहे, आणि त्यात चित्रण करण्याची सोय आहे. पूर्वी ज्यासाठी मोठ्या कंपनीचा कारखाना लागे, ते काम आता ओसरीवर बसून होते. तेव्हा या दिवाळीच्या सुटीत घरातील सर्वांत वृद्ध माणसापाशी बसावे. गावच्या नदीतील डोहांची नावे विचारावीत, माशांची आपल्या बोलीतील नावे विचारावीत. कोणते जाळे कोणत्या महिन्यात टाकीत, डांगराची वेल वाळूत कशी लावीत, महापुरात डोंगा कोणी घातला होता, हे विचारावे. आजीला विसरू नये. जाळ्याचे सूत तिनेच वळलेले असते, आणि बाजारात मासे विकताना आलेले अनुभव तिच्याच पाशी असतात. जे मिळेल ते नाव, गाव व साल घालून समाजाच्या कार्यालयात आणून द्यावे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत त्यासाठी पाने राखून ठेवावीत, अशी विनंती आम्ही संपादक मंडळास केली आहे.

त्या शाळकरी मुलाला तेव्हा देता न आलेले उत्तर आता देतो. बाळ, हे अजून कोठेही दाखवीत नाहीत. तुझे आजोबा अद्याप ओसरीवर बसलेले आहेत, तोवर ते तूच चित्रित कर. आणि चित्राखाली साहेबाचे नव्हे, राजाचे नव्हे, त्यांचे स्वतःचे नाव लिही.